ताईशी जुळणारी फिल्म

रोजची फिल्म बंद झाली असं कारखान्याचं पत्र आलं, तेव्हा छोट्याने ते पत्र तीनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. भर सकाळी अकरा वाजता. एक गिऱ्हाईक वाकून आत डोकावायला लागलं, तर त्याला म्हणाला, "आमच्याकडे दुःखद प्रसंग आहे." आता बोला!

छोट्या म्हणजे कुणी लहान मूल नव्हे हं. पन्नाशीला टेकलेला, टक्कल पडलेला, पोट सुटलेला बाप्या. गल्लीतला एकुलता एक फोटो स्टुडिओ त्याचा, आणि मागच्या खोलीत रंगीत फोटो छापायची लॅबही त्याचीच. सगळी गल्ली त्याला मालक म्हणायची. छोट्या म्हणणारी फक्त त्याची थोरली बहीण, ताई. पण ही गोष्ट ताईची असल्यामुळे आपणही त्याला छोट्याच म्हणू. त्याला राग आला तर येवो.

आता रोजची फिल्म म्हणजे काय? लग्नकार्याला भारी फिल्म वेगळी असते, तिचा थाट वेगळा. रोजची म्हणजे ओळखपत्राचा फोटो, शाळेचा वर्ग, नवी सायकल, बाळाचा पहिला दात, असल्या कामाची. छत्तीस फोटोंची, उन्हात चालणारी, ढगातही चालणारी, ट्यूबलाइटखाली जरा कुरकुरणारी. घरातल्या जुन्या चपलेसारखी. असते तोवर कुणी तिचं नाव घेत नाही, आणि नसली की पाऊल उचलत नाही.

छोट्याला दुःख झालं ते खरंच होतं. पण ताईचं काय झालं, ते ऐका. पत्रातला मजकूर ऐकून ताईच्या पोटात अक्षरशः गुदगुल्या झाल्या. तिने तोंड फिरवून खोकल्याचं सोंग केलं, आणि छोट्या लगेच ओरडला, "ताई! सर्दी झाली का? पाटी लावू?"

ही पाटी काय भानगड आहे ते सांगायला अठ्ठावीस वर्षं मागे जायला हवं. तेव्हा छापायचं यंत्र नवीन आलं होतं. त्याला रंगांची तीन चाकं. एक चाक जरा जास्त फिरलं की माणसं रोगट दिसायची, दुसरं फिरलं की दारू प्यायल्यासारखी. म्हणून यंत्राबरोबरच्या पुस्तकात लिहिलं होतं की ओळखीच्या माणसाचा एक फोटो काढा, त्याची निगेटिव्ह जपून ठेवा, तिच्यावरून एक उत्तम प्रिंट काढून तोही जपा, आणि रोज सकाळी त्याच निगेटिव्हचा नवा प्रिंट काढून जुन्या प्रिंटशी ताडून पाहा. दोन्ही जुळले की चाकं बरोबर. सरळ साधं काम. जगातल्या सगळ्या लॅबवाल्यांना ते कळलं.

छोट्याला नाही कळलं. म्हणजे कळलं, पण त्याचं डोकं जास्त चालतं. त्याने समोर बसलेल्या ताईचाच फोटो काढला, निगेटिव्ह जपली, आणि म्हणाला, "जुन्या प्रिंटशी काय ताडायचं? प्रिंट फिका पडतो. माणूस फिका पडत नाही." त्या दिवसापासून तो रोज सकाळी नऊ वाजता ताजा प्रिंट काढायचा आणि खिडकीपाशी स्टुलावर बसलेल्या ताईच्या गालाला लावून बघायचा. प्रिंट ताईशी जुळला, की दुकान सुरू.

झालं! ताईचा रंग बदलून चालेना. उन्हात जायचं तर छत्री, तीही काळी आणि मोठी. गाजर बंद, कारण गाजराने कातडी पिवळी पडते असं छोट्याने कुठंतरी वाचलं होतं. सकाळी दहाच्या आत रागवायचं नाही, चेहरा तापतो. फार हसायचंही नाही. ताई शिंकली, की छोट्या शटरवर पाटी लावायचा : 'ताईंना सर्दी झाल्यामुळे रंगीत फोटो परवा.' आणि गल्लीतले लोक काही कमी नव्हेत, ते ती पाटी वाचून मान डोलवायचे आणि परवा यायचे. एकदा ताईला समुद्रकाठच्या गावचं एक चांगलं स्थळ आलं होतं. माणूस हसरा होता, ताईला आवडलाही होता. छोट्याने वडिलांना पटवून दिलं की त्या गावचं ऊन फार वाईट. ताई तेव्हा चोवीस वर्षांची होती. आता बावन्न.

ताईने हे सगळं ऐकून का घेतलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं असतं. पण आधी लहान भावाचा धंदा नवा होता म्हणून, मग सवय झाली म्हणून, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा ताठाही होता. अख्ख्या गल्लीचा रंग आपल्या तोंडावरून ठरतो ही काय साधी गोष्ट आहे? शाळेतल्या वर्गाचे फोटो बघताना ती मनात म्हणायची, ही सगळी पोरं माझ्या रंगाची आहेत.

पण त्या महिन्यात ताईची एक जुनी मैत्रीण भेटली. गावाबाहेर तिची रोपवाटिका होती, सगळे तिला बागवाली म्हणत. तिचे गुडघे गेले होते आणि तिला भागीदार हवी होती. सकाळी सात ते दुपारी तीन, उघड्यावर, मातीत हात. "तुला झाडांचं कळतं, आणि तू गप्प बसून काम करू शकतेस," बागवाली म्हणाली. "पण मला शनिवारी बारापर्यंत सांग. नाहीतर मी दुसरी बघते." ताईला ते काम इतकं हवं होतं, की त्या रात्री ती उशाखाली हात घालून मुठीत माती असल्यासारखी झोपली.

तिने छोट्याला विचारलंही. तो म्हणाला, "जा की! मी कधी अडवलंय? फक्त मी प्रिंट कुणाशी जुळवू तेवढं सांग." आणि त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. ताई त्याच्या ओरडण्याला भ्यायली नसती. पण छोट्या रडायला लागला की तिला तो सहा वर्षांचा दिसायचा, आणि मग तिचं काही चालायचं नाही.

म्हणूनच ते पत्र आलं तेव्हा तिला वाटलं, सुटले! फिल्म नवी म्हणजे निगेटिव्ह नवी, निगेटिव्ह नवी म्हणजे चेहराही नवा घेता येईल. वहिनीचा घ्या, कुणाचाही घ्या. वहिनी म्हणजे छोट्याची बायको. कमी बोलणारी, दुकानाचं अर्धं काम मुकाट्याने उरकणारी.

छोट्या म्हणाला, "वेडी आहेस का? फिल्म बदलली तर निदान माणूस तरी तेच हवं. एकदा चांगली फिल्म निवडू, तुझी नवी निगेटिव्ह काढू, की पुढची तीस वर्षं बघायला नको."

तीस वर्षं! ताईने बोटं मोजली. ब्याऐंशी.

बुधवारी फिल्मवाला आला. हा कंपन्यांच्या फिल्म दुकानोदुकानी पोचवणारा विक्रेता, बोलघेवडा, काखेत वही. त्याने चार नमुने टेबलावर मांडले : तारा छाप, पतंग छाप, किल्ली छाप आणि बदक छाप. "चारही रोजच्या वापराच्या. तुमच्या हाताला कुठली बसते ते बघा, शनिवारी सकाळी येऊन ऑर्डर लिहून घेतो."

छोट्याने त्याच दिवशी चारही फिल्मवर ताईला टिपलं. खिडकीपाशी, ट्यूबलाइटखाली, अंगणात छत्रीच्या सावलीत. गुरुवारी फिल्म धुतल्या. शुक्रवारी सकाळी तीन चाकं जिथल्या तिथे ठेवून चार प्रिंट काढले, आणि दोरीवर चिमट्यांनी चार ताया लटकल्या.

पतंगमधली ताई निळसर होती, थंडीत कुणी दाराबाहेर ठेवल्यासारखी. किल्लीमधली पिवळी, दातांसकट. बदकमधली चक्क हिरवट, बोट लागल्यावर माणूस उलटीला कठड्याशी धावण्याआधी दिसतं तशी. आणि तारामधली ताई म्हणजे ताई. डोळे असलेल्या कुणालाही कळलं असतं. प्रश्न मिटायला हवा होता.

पण समोरचे दातांचे डॉक्टर आले. त्यांनी चष्मा पुसून किल्ली छापसमोर पाच मिनिटं काढली. "ही घ्या. यात दातांची खरी अवस्था दिसते. लोक स्वतःचे फोटो बघतील आणि रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे येतील. समाजाचं भलं होईल." बेकरीवाल्याला पावाच्या फोटोसाठीही पिवळीच हवी होती, पण डॉक्टरांनी आधी मत दिल्यामुळे तो रुसून पतंगकडे गेला. शाळेच्या मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं की बदक छापमध्ये मुलं अभ्यासू दिसतील. एकमेकांना बोटं दाखवत, आवाज चढवत सगळे दोरीखाली भांडत होते, आणि खऱ्या ताईकडे ढुंकूनही कुणी बघत नव्हतं. वहिनी चहा द्यायला आली, तेव्हा तिने तारा छापचा प्रिंट काढून सगळ्यांच्या पुढे लावला आणि निघून गेली.

"सगळ्यांनी गप्प बसा," छोट्या शेवटी म्हणाला. "मत कसलं मागताय? उद्या सकाळी नऊच्या उजेडात चारही प्रिंट ताईच्या गालाला लावेन. जुळेल ती फिल्म."

ते ऐकलं आणि ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुळलं, तर तीस वर्षं. पण जुळलंच नाही तर? आपला रंगच बिघडला तर? नमुना म्हणून आपण बाद! मग रडू दे त्याला, आपण तरी काय करणार, तोंडच नासलं.

ती तशीच उठली, छत्री कोपऱ्यात राहू दिली आणि थेट रोपवाटिकेत गेली. साडेदहा ते चार ती उघड्या डोक्याने उन्हात होती. कुंड्या भरल्या, रोपं वेगळी केली, पिंप भरभरून पाणी घातलं. बागवालीने दोनदा टोपी आणून दिली, ताईने दोनदा परत केली. अठ्ठावीस वर्षं सावलीत ठेवलेली कातडी ती, पहिल्या तासातच पेटली. दुपारी कपाळाला हात लागला तरी आई गं म्हणायची वेळ आली, पण ताईला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. घरी येताना तिने तोंडाला रुमाल बांधला, डोकं दुखतंय सांगून खोलीत गेली आणि आरशासमोर उभी राहिली. बीट परवडलं! नाकाचा शेंडा तर सोलायलाच लागला होता. ताई आरशातल्या ताईला म्हणाली, "शाबास."

शनिवारी नऊला सगळे जमले. फिल्मवाला वही उघडून उभा. दातांचे डॉक्टर पांढऱ्या कोटात. वहिनी दाराशी. ताई स्टुलावर बसली, आणि सगळ्यांचं लक्ष आहे असं बघून तिने रुमाल सोडला.

"अरे बाप रे!" डॉक्टर म्हणाले. फिल्मवाल्याच्या हातातलं पेन खाली पडलं आणि टेबलाखाली गेलं, तरी तो ते उचलायला वाकला नाही. वहिनीने तोंडावर हात ठेवला. ताई मात्र मान वर करून, लालबुंद, छोट्याकडे बघत राहिली. आता तो ओरडेल. आता रडेल. तिने ठरवलं होतं की आज विरघळायचं नाही.

छोट्याने चारही प्रिंट हातात घेतले. तारा छाप तिच्या गालाला लावला. डोळे बारीक केले. "अंहं. हा फारच उजळ." पतंग लावला. "हा तर नाहीच." किल्ली लावला, डॉक्टरांकडे बघून मान हलवली. मग बदक छाप लावला, तो हिरवागार चेहरा त्या भाजलेल्या गालाशेजारी धरला, आणि एक पाऊल मागे जाऊन, मान तिरकी करून पाहिलं. हळूहळू त्याचा चेहरा फुलला.

"जुळलं!" तो म्हणाला. "जशीच्या तशी! बघा, आहे काडीचा फरक?"

फिल्मवाला डोळे चोळायला लागला.

"छोट्या," ताई म्हणाली, "नीट बघ रे माझ्याकडे."

"बघितलं की! अठ्ठावीस वर्षं बघतोय." त्याने मायेने तिच्या खांद्यावर थोपटलं, आणि ती कळवळली तेही त्याला समजलं नाही. "कालच्यासारखीच आहेस, ताई. तेव्हापासून तसूभर फरक नाही. म्हणून तर माझा तुझ्यावर भरवसा. लिहून घ्या हो, बदक छाप. वर्षभराचा साठा." आणि शीळ घालत तो चाकं लावायला मागच्या खोलीत गेला. यंत्राची घरघर सुरू झाली, म्हणजे आता त्याला बाहेरचं काही ऐकू येणार नव्हतं.

ताई स्टुलावर तशीच बसून राहिली. मग तिला कळलं. त्याला लाल दिसतच नव्हतं. लाल आणि हिरवं त्याला एकच होतं, एकच काहीतरी मातकट. आज नव्हे, कधीच दिसलं नव्हतं. तिने वहिनीकडे बघितलं. वहिनीने नजर खाली घातली.

"तुला माहीत होतं," ताई म्हणाली.

"तारा छाप लिहा," वहिनी आधी फिल्मवाल्याला म्हणाली. "खोक्यांवर बदकाची चित्रं चिकटवून पाठवा, आत तारा भरा."

फिल्मवाल्याने टेबलाखालून पेन शोधलं आणि ते तसंच्या तसं लिहून घेतलं. बिचारा तरी काय करणार? डॉक्टर पेशंट थांबलेत म्हणून सटकले. त्यांचा दवाखाना अकराला उघडतो.

"कधीपासून?"

"लग्नानंतर आठव्या दिवसापासून," वहिनी म्हणाली. "माझ्यासाठी लाल स्वेटर आणला म्हणाले, आणि घडी उलगडून हिरवा दाखवला. तेव्हा वाटलं दुकानदाराने फसवलं. मग तुमच्या गालाला प्रिंट लावताना पाहिलं."

"मग इतकी वर्षं फोटो बरोबर कसे येतात?"

"साडेनऊला ते आंघोळीला जातात ना. मी चाकं जागेवर आणते. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे जुना प्रिंट ठेवलाय मी, डब्यात."

"रोज?"

"रोज. बावीस वर्षं झाली. त्याआधी यंत्र नवं होतं, चाकं घट्ट होती, फारशी हलायची नाहीत."

ताईला आधी हसू आलं, मग त्या हसण्याचाच तिला राग आला. नऊ वाजून वीस मिनिटांनी, दहाच्या आत, ती मनसोक्त रागावली. "अगं, आणि मी? मी कशाला बसत होते गं? गाजर नाही खाल्लं मी! पोरी पाऊलवाटेने फिरायला जायच्या, मी छत्रीखाली. माझं सगळं तारुण्य या स्टुलावर गेलं, आणि तू रोज चहाचे कप उचलत माझ्यासमोरून जात होतीस!"

वहिनीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "तुम्ही बसलात की ते शांत असायचे, ताई. तुम्ही आजारी पडायचात तेव्हा त्यांचे हात कापायचे, जेवण जायचं नाही. मला वाटायचं, कुणीतरी सांगायला हवं. पण कुणी सांगायचं? मला नाही जमलं. माझं चुकलं."

तेवढ्यात छोट्या हात पुसत बाहेर आला. चाकं मनासारखी लागल्यामुळे खुशीत होता. ताईने तोंड उघडलं. एक वाक्य पुरे होतं. फिल्मवाल्याला एव्हाना कळलंच होतं, पण ते छोट्याच्या तोंडावर बोललं गेलं की संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. फोटोच्या धंद्यातला माणूस आणि त्याला रंग दिसत नाहीत! ताईने त्याच्या टकलाकडे, त्या भाबड्या हसऱ्या तोंडाकडे बघितलं, आणि तिच्याने ते वाक्य बोलवेना. माया मेली आड आली. पण या खेपेला तिने मायेला तिथेच थांबवलं.

"उद्यापासून मी यायची नाही," ती म्हणाली. "रोपवाटिकेत कामाला लागलेय."

छोट्याचं तोंड पडलं. "आणि मी प्रिंट कुणाशी जुळवू?"

ताईने त्याच्या हातातला बदक छापचा प्रिंट घेतला, स्टुलावर भिंतीला टेकवून उभा केला. "हिच्याशी. आत्ताच म्हणालास ना, जशीच्या तशी आहे म्हणून? काडीचा फरक नाही म्हणालास."

छोट्याने प्रिंटकडे बघितलं, ताईकडे बघितलं, पुन्हा प्रिंटकडे. शब्द त्याचाच होता, आणि साक्षीला फिल्मवाला होता. "ते आहेच म्हणा," तो हळूच म्हणाला. "आणि हा फिका पडला तर?"

"तर मला निरोप धाड. मी येऊन दुसरा काढून देईन."

तिने चपला घातल्या. वहिनी दारापर्यंत आली आणि तिचा हात घट्ट धरून उभी राहिली. ताईने तो हात लगेच सोडवला नाही, पण जवळही ओढला नाही. तेवढा राग तिचा होता, तो तिने ठेवला.

ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. मागे खिडकी उघडी होती, आणि छोट्याचा आवाज आला. स्टुलावरच्या प्रिंटशी बोलत होता. अगदी रोजच्यासारखा, गोड आवाजात.

"ताई, मान जरा डावीकडे."

भर रस्त्यात, ऊन अंगावर घेऊन चालता चालता, ताईची मान आपोआप डावीकडे वळली. ती तशीच चार पावलं चालली आणि मग भानावर आली. तिथे मात्र तिला रडू फुटलं. सोललेल्या नाकाला ते पाणी सणसणीत झोंबलं, आणि ती डोळे पुसत, भराभर पावलं टाकत निघाली, कारण बागवालीला बाराच्या आत सांगायचं होतं.